वार्निशचा जास्तीचा हात

नगरला कॉलेजात शिकवत होतो तेव्हाची, बहात्तरच्या आसपासची गोष्ट. काही धातू भयंकर थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. अशा तारांवर वीजरोधक लेप कशाचा द्यायचा, कोणता लेप त्या थंडीत टिकतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. जिथं पंखासुद्धा निम्मा दिवस बंद, तिथं हे खूळ! स्टाफरूममध्ये मला 'बर्फवाले' म्हणत. मी हसायचो आणि आतल्या आत चरफडायचो.

पुण्याच्या मार्गदर्शकांनी शेवटचं बजावलं होतं, महिनाअखेर निकाल दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. द्रवरूप नायट्रोजनचा एक थर्मास त्यांनीच खटपट करून दिला. दुसरा मिळणार नव्हता. तो मांडीवर धरून मी एसटीनं निघालो. त्याचं झाकण घट्ट लावायचं नसतं, त्यामुळे वाफ सुटत राहते. शिरूरला गाडी पंक्चर झाली. कंडक्टर म्हणाला, "सर, तुमचं ह्ये उतू चाललंय बघा." मला नुसतं रडायचं बाकी होतं.

नमुन्यांचं काम मी आधीच एका मिस्त्रीला दिलं होतं. मूळचा पाथर्डीकडचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून भरून देणारा. सहा कॉइली, वार्निशचा एकेकच पातळ हात, एवढं सांगून मी मोकळा झालो होतो.

प्रयोगशाळेत पहिली कॉइल नायट्रोजनमध्ये बुडवली. तड! दुसरी, तिसरी, सहाच्या सहा गेल्या. वार्निशचे पापुद्रे नखानं निघत होते. थर्मासात वाफसुद्धा उरली नव्हती.

तसाच दुकानात गेलो. "किती हात मारलेत?"

"तीन," मिस्त्री खुशीत म्हणाला. "कॉलेजचं काम, म्हनून दोन आपल्याकडनं. लई दिवस उन्हात वाळवल्यात. आता बापजन्मात जळायच्या न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. "अहो, जळायचा प्रश्न येतोच कुठं? त्या थंडीत घालायच्या होत्या! बर्फापेक्षा कितीतरी थंड!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. त्यानं शांतपणे चिंधीला हात पुसले. "थंडीत व्हय? मंग तसं सांगायचं ना, सर. जाड हात गारठ्यात तडकतो, ह्ये आमाला ठावं हाय. एकच मारला असता, त्योबी पुसून. आमच्याकडं मोटार येती ती जळूनच येती, आमी तेवढंच धरून चालनार."

सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. मोटारी भरणाऱ्याला त्यातलं काय कळणार, असं मी ठरवून टाकलं होतं. वर इतका आवाज चढवून झाला होता की माफी मागायचीही लाज वाटली.

नोंदणी गेली. मार्गदर्शकांना पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं, 'कारागिराच्या चुकीमुळे नमुने निकामी झाले.' ते पत्र पेटीत टाकायला मी त्याच्या दुकानावरून गेलो नाही, मागच्या गल्लीनं गेलो.