देवरावकाकांचं गेट

देवरावकाकांना मी मारलं.

डॉक्टरांनी कागदावर हार्ट लिहिलंय. लिहू देत. आज नाही बोललो तर पुन्हा हिंमत व्हायची नाही.

आमच्या कारंज्यात वस्तीच्या टोकाला एक चिमुकलं स्टेशन होतं. एक बाक, एक कडुनिंब आणि रस्त्यावर एक रेल्वे गेट. नॅरोगेजची छोटी गाडी सकाळी आम्हाला न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची.

काका तिथले गेटमन.

रोजच्यातला एक जरी माणूस दिसला नाही, तर त्यांची हिरवी झेंडी काखेतच राहायची.

बारावीच्या पेपरला मी धापा टाकत पोचलो, तर गाडी उभी. गार्ड वैतागलेला.

"थांबा ना साहेब. आमचा पम्या यायचा हाये. पोट्ट्याचा पेपर हाये."

मग माझ्याकडे वळून, "आंघोळ तं केली का रे?"

अख्खा डबा हसला.

पुढे गाडी बंद झाली. काका रिटायर झाले, काकू गेल्या. पण हा माणूस रोज सकाळी गेटवर हजर. रुळांतली बाभळं तोडायची, गेटला तेल द्यायचं. लोक हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू.

मागच्या वर्षी हार्टचं निघालं. मुलगी सुनंदा पुण्याला असते. ऑपरेशनची तारीख घेऊन ती न्यायला आली. काका कसेबसे तयार झाले.

निघायच्या सकाळी पिशवी घेऊन स्टेशनच्या बाकावर बसले होते. तोंड एवढंसं.

"पम्या, तू तहसीलीत असतं. तुले मालूम असन. गाडी येते का रे परत?"

मला काय डोंबल मालूम! आमच्या टेबलावर रेल्वेचा कागदसुद्धा येत नाही. पण म्हातारा हसत जावा म्हणून बोलून गेलो, "येते ना काका. सर्वे झाला. लवकरच काम लागते."

काका हसले. मग पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागले.

"काका, अन् ऑपरेशन?"

"येडा झाला का तू? गाडी येऊन राह्यली अन् मी पुन्याले जाऊ? गेट कोन लावन?"

सुनंदा भांडली, रडली, शेवटी एकटीच गेली.

तेव्हाच खरं सांगायचं होतं. म्हटलं, दोन दिवसांनी ऐकतील. पण ते दर सोमवारी ऑफिसच्या दारात हजर. "कुठवर आलं रे?" आणि मी नालायक, "फाईल वर गेली काका," म्हणून चहा पाजायचो.

या सोमवारी साहेबांचा राग त्यांच्यावर काढला. "गाडी येईन ना काका, कोनत्याही दिवशी येईन! जा आता."

आज सकाळी ते गेटपाशी सापडले. तेलाची बाटली बाजूला. गेट लावलेलं. दोन्हीकडे ऑटोवाले हॉर्न वाजवत होते.

गेट मी उघडलं.

संध्याकाळी मोक्षधामात सुनंदा जवळ आली. "भाऊ, बाबाची गाडी चालू झाली की मले फोन करजा. पह्यल्या गाडीत मी बसन."

मी म्हणालो, "करतो."

सुनंदा, तू गावाच्या या ग्रुपवर आहेस, वाचशील. गाडी येत नाही गं. सर्वे झालाच नव्हता. तुझे बाबा माझ्या खोट्यासाठी थांबले.

मला माफ करू नको.

काका, सगळ्यांसाठी गाडी थांबवलीत. आता कोणाची वाट बघू नका. निघा.