आत्याची बाजू, बाबांची बाजू

आमच्या दुकानात एका सुरीला दोन माणसं धार लावतात. लोक हसतात, हसू देत बापडे! आत्या डावरी, बाबा उजवे. घराच्या पुढच्या खोलीत बुटकं टेबल, त्यावर ओल्या फडक्यावर ठेवलेला धारेचा दगड, अलीकडे आत्याचं स्टूल, पलीकडे बाबांचं. आत्या डाव्या हातानं पात्याची एक बाजू घासते. घासता घासता काठाला लोखंडाची कुसळासारखी बारीक कड येते, बोटाला जेमतेम लागणारी. ती आली की आत्या ओरडते, "आली, घे!" आणि सुरी बाबांकडे. ते उजव्या हातानं दुसरी बाजू घासून ती कड उडवतात. लहानपणी एकाच सुरीवरून दोघं भांडायची, म्हणून आजोबांनी ही वाटणी करून दिली. भांडण मिटलं, पण एकालाही अख्ख्या सुरीला धार लावता येईना! दोघं म्हातारपणाला टेकली तरी हीच गत.

आणि परवा बाबा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि धाडकन खाली आले. उजवा हात प्लास्टरात. काल सकाळीच समोरच्या खानावळीचा आचारी सुऱ्यांची गुंडाळी घेऊन हजर!

"ताई, आज मोठी ऑर्डर आहे. दुपारपर्यंत हव्यात. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा कायमचा माणूस बघतो."

"न जमायला काय झालं?" आत्या बेधडक म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. खानावळीचं काम गेलं तर दुकानात माश्या मारत बसायची वेळ!

आत्याची बाजू झाली चुटकीसरशी. मग तिनं सुरी उजव्या हातात घेतली, आणि तो हात शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा वागायला लागला. मी काकडी कापून पाहिली. चकती एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला कागदासारखी. धार कलली होती.

"मनगट वर जातंय तुझं!" बाबा करवादले. "अगं, टेकव! टेकव म्हणतो ना!"

"दादा, तू आत जा."

"अगं पण..."

"आत!"

बाबा पुटपुटत आत गेले. आत्या उठली, बाबांच्या स्टुलावर जाऊन बसली आणि चक्क डोळे मिटले.

"आत्या, बोटं जातील!" मी किंचाळले.

"गप बस जरा. दादाच्या बाजूचा आवाज मला पाठ आहे. ऐकू दे."

खरंच की! जन्मभर तिनं समोर बसून तो ऐकलेला. लांब 'सर्रर', टोकाजवळ किंचित थांबा, मग छोटासा 'स्स'. तिनं पातं ओढलं. 'खर्र.' मान हलवली, मनगट खाली घेतलं. 'खर्र.' पुन्हा. आणि मग, अचानक, 'सर्रर... स्स'!

आतून बाबा धावतच आले. प्लास्टर दाराच्या चौकटीवर आपटलं, तरी त्यांना भान नाही.

"कोण बसलंय माझ्या जागेवर?"

मग त्यांनी आत्याला पाहिलं. आपलाच हात त्यांना दुसऱ्या खोलीतून ऐकू आला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. आत्यानं मात्र डोळे उघडले नाहीत. सगळ्या सुऱ्या संपेपर्यंत तो आवाज थांबला नाही.

आचारी दुपारी आला. त्यानं टोमॅटोवर पातं नुसतं टेकवून ओढलं. पातळ, सारखी चकती आडवी झाली. ती त्यानं तोंडात टाकली.

"नेहमीसारखीच आहे," म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून गेला.

नेहमीसारखीच! आम्ही जो काही आरडाओरडा केला! आईनं आत्याला मिठी मारली, मी टेबलाभोवती नाचले, दगडाचं पाणी सांडलं, कुणी पुसलं नाही.

बाबा तेवढे भिंतीशी टेकून उभे होते.

"चला," ते म्हणाले, "तुला दोन्ही बाजू आल्या. आता माझं काय काम?"

ते थट्टेत बोलले नव्हते. आत्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"डावा हात धड आहे ना तुझा?"

"आहे."

"मग तो काय शोभेला ठेवलाय? बस माझ्या स्टुलावर."

तिनं घरातली बोथट सुरी त्यांच्या डाव्या हातात दिली. पातं दाबून धरायला दुसरा हात लागतो, तो तर प्लास्टरात. म्हणून ती त्यांना खेटून बसली आणि आपली बोटं पात्यावर, अगदी काठापाशी, ठेवली.

"मूठ तुझी, बोटं माझी. ओढ."

बाबांनी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," आत्या म्हणाली आणि बोटं तिथंच ठेवली.