गयेला सोडलेला गोळाभात

आई श्रावणात गेली. पितृपक्षात दादा गयेला जाऊन आला आणि तिथे त्याने गोळाभात सोडला.

गयेला पिंडदान झालं की मागे राहिलेल्याने आपल्या आवडीचं काहीतरी जन्मभरासाठी सोडायचं असतं. एखादं फळ, एखादी भाजी. आमच्या घराण्यातले पुरुष या बाबतीत फार हुशार. आजोबांसाठी काकांनी नवलकोल सोडला. तो त्यांनी त्याआधी कधी ताटात घेतलेला मला आठवत नाही. आत्याच्या यजमानांनी अननस सोडला, कारण तो खाल्ला की त्यांचं तोंड यायचं. दादा वकील आहे, पण या कामी त्याला पळवाट नको होती. पंड्याने विचारलं तेव्हा जे खरोखर आवडतं तेच त्याने सांगितलं. हे मला फोनवर सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. मला राग आला. मी म्हटलं, "बरं."

राग कशाचा होता ते मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याने मला विचारलं नव्हतं. मुलींना विचारायची रीत नाही, काय सोडतेस म्हणून. मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आणि आई गेल्यापासून दर रविवारी माझ्या घरी गोळाभातच होत होता. माझी माणसं कंटाळली होती. मी कंटाळले नव्हते. मी तो खात होते आणि दादाने तो सोडला म्हणजे आईवर त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा ठरतो की काय, असले विचार माझ्या डोक्यात येत. शोकात माणूस मोठ्या मनाचं होतं असं मी पुष्कळ वाचलं आहे. माझ्या बाबतीत तसं झालं नाही.

मार्गशीर्षात वहिनींचा अमरावतीहून फोन आला. "ताई, बाबा जेवून नाही राहिले. दोन घास घेतात अन् ताट सरकवतात."

बाबा ऐंशीच्या घरात आहेत. शाळेत गणित शिकवायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या, काही निघालं नव्हतं. वजन मात्र उतरत होतं. आवडेल ते खाऊ घाला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मंग आवडते ते करा ना," मी म्हटलं.

"ते तर यांनी सोडलं ना."

"दादानं सोडलं. बाबानं कुठं सोडलं?"

"घरात एकच चूल आहे, ताई. यांच्या पुढ्यात कसं करू?"

म्हणजे व्रत एकाचं आणि उपास सगळ्या घराला. मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघाले. पिशवीत चण्याच्या डाळीचा भरडा होता, मुद्दाम चक्कीवरून जाडसर काढून आणलेला. अमरावतीच्या घरात तो नसणार याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर, नसावा अशी इच्छा होती.

बडनेऱ्याला उतरून ऑटोने घरी पोचले. बाबा दिवाणावर बसून पेपर वाचत होते. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, मधून दोन बोटं सहज गेली असती. पाया पडले तर म्हणाले, "गाडी वेळेवर होती का?" आणि पुन्हा पेपरात गेले.

दादाने पिशवी पाहिली.

"हे काय आणलं?"

"भरडा. बाबासाठी गोळाभात करते."

"या घरात होत नाही आता ते."

"सोडलं तू. बाबानं नाही सोडलं."

"वास तर घरभर येते ना. मी सोडलं म्हणजे काय नाक बांधून बसू?"

"मंग तेवढा वेळ बाहेर जाय."

"माह्या घरातून मीच बाहेर जाऊ? तू पाहुणी येशील अन् मले काढशील?"

पाहुणी हा शब्द त्याने सावकाश उच्चारला. कोर्टात असाच बोलत असेल. मी पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेले.

गोळाभात ही अवघड गोष्ट नाही. भरड्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, जिरं घालायचं, मग कडकडीत तेलाचं मोहन. पाणी अगदी थोडं, शिंपडल्यासारखं. लिंबाएवढे गोळे वळायचे. एकीकडे गंजात भात शिजत असतो. त्यातलं पाणी आटून भाताला बारीक छिद्रं पडली की गोळे वर अलगद ठेवायचे, झाकण घालायचं आणि गॅस बारीक करायचा. गोळे वाफेवर शिजतात. ताटात गोळा भातात कुस्करायचा, वरून मोहरीची आणि लाल मिरचीची फोडणी, बाजूला चिंचेचं सार. आई हे गप्पा मारता मारता करायची.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या घरात येऊन बावीस वर्षं झाली. पुरणापासून लोणच्यापर्यंत सगळं त्या करतात आणि चांगलं करतात. फक्त गोळाभाताच्या दिवशी आई त्यांना म्हणायची, "सर तिकडे, मी करते." त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "ताई, व्हिडिओ काढू काय?"

"नको," मी म्हटलं. "त्यात काय आहे काढण्यासारखं?"

जेवायला चौघं बसलो. दादाने ताटात पोळी आणि दही घेतलं होतं आणि माझ्याकडे न पाहता तो जेवत होता. बाबांनी पहिला गोळा कुस्करला, फोडणी घेतली, खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा गोळा घेताना ते दादाला म्हणाले, "तुले कोणी सांगितलं होतं हे सोडायले?"

"बाबा, रीत आहे."

"रीत मले बी माहीत आहे. मी म्हणत होतो, मले घेऊन चाल. गुडघे दुखतीन म्हणून मले इथं ठेवून गेला. बायको माही होती."

"तुमच्या तब्येतीसाठीच म्हटलं ना."

"तिथं जाऊन सोडून आला कोणाच्या ताटातलं? तुह्या काकानं नवलकोल सोडला तर आपण हासलो. त्यानं कोणाले उपाशी तर नाही ठेवलं."

"तुमी एकदा बी म्हटलं नाही का मले खायाचा आहे म्हणून."

"काय म्हणू? पोराले गोळाभात मांगू? या वयात?"

दादाने दह्याची वाटी ताटात उपडी केली, हात धुतले आणि निघून गेला. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी साराचा पेला तोंडाला लावला.

वहिनींचा फोन आल्यापासून मी समजत होते की बाबा दुःखाने जेवत नाहीत. ते जेवत नव्हते ते चिडून. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, कारण दादा चुकला होता, आणि तो चुकला हे त्याला भरल्या ताटावर ऐकवलं गेलं होतं.

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "आज बी कर." माझी गाडी दुपारची होती. मी म्हटलं, "बाबा, माझ्यासोबत अकोल्याला चला. महिनाभर राहा."

"जावयाच्या घरी? काहून? माह्यं घर जळालं काय?"

एवढं बोलून ते आंघोळीला गेले. मी भरडा काढला. वहिनींनी दारातून आत येऊन ओट्याला टेकून विचारलं, "तुमी तर चालल्या. उद्या काय? परवा काय? मले शिकवा."

"दादा चालू देईल?"

"त्याईले मी पाहून घेईन. तुमी शिकवा."

मी म्हटलं, "आईनं नाही शिकवलं तुमाले. मी कशी शिकवू?"

हे मी मोठ्याने म्हटलं. वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नाही शिकवलं. शेवटचे चार महिने त्यायचं हागणं-मुतणं मी काढलं, पण गोळे नाही वळू देल्ले. आता तुमी बी ती रीत अकोल्याले घेऊन चालल्या. चालते. मंग बाबाचा डबा बी तुमीच रोज आणून द्या गाडीनं."

मी भरड्याचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

शिकवलं, पण गोड बोलून नाही. "पाणी ओतू नका." "एवढं दाबू नका, दगड होतील." "मोठा झाला, मोडा तो." पहिले दोन गोळे त्यांच्या हातात फुटले. तिसऱ्यापासून एकही फुटला नाही. भाताला छिद्रं पडली तेव्हा मी न सांगता त्यांनी ओळखलं, आणि गोळे एकेक करून असे ठेवले की एक दुसऱ्याला टेकला नाही. मग झाकण ठेवलं. गॅस मोठाच होता. मला दिसत होतं. तसाच राहिला तर दहा मिनिटांत खालचा भात लागणार, गोळे आत कच्चे राहणार, आणि बाबा ताट सरकवणार. मी खिडकीतून बाहेर पाहत उभी राहिले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्यांची पाण्याची टाकी होती.

न्हाणीत बाबा खोकले. मी म्हटलं, "गॅस बारीक करा."

वहिनींनी बारीक केला. "आधी काहून नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी ताटं घ्यायला वळले.

जेवताना दादा होता. कालच्या जेवणापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. अजूनही मी फोन केला की माझ्यासाठीचा निरोप तो बाबांकडेच देतो. बायकोने वाफाळतं गंज आणून ठेवलेलं पाहून तो म्हणाला, "आता तू बी?"

"तुमच्यासाठी वरण-पोळी आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमी सोडला, तुमी खाऊ नका. पण उद्यापासून बाबाले लागीन तेव्हा या घरात गोळाभात होईन. तुमाले वास सहन होत नसन तर बाहेरच्या खोलीत ताट देतो."

दादाने पोळी मोडली. तो बाहेरच्या खोलीत गेला नाही.

बाबांनी गोळा कुस्करला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. काल माझ्या हातचा खाल्ला होता, आज हा. काहीतरी म्हणतील, कमी म्हणतील, वेगळा लागतो म्हणतील. निदान विचारतील, कोणी केला. ते जेवत राहिले. दोन गोळे झाले, तिसरा झाला. शेवटी मीच विचारलं, "बाबा, कसा झाला?"

"बरा आहे," ते म्हणाले. "तेल आण अजून."

मी उठायच्या आत वहिनी उठल्या, फोडणीची कढई घेऊन आल्या आणि त्यांनी चमच्याने बाबांच्या भातावर तेल सोडलं. बाबांनी हाताने पुरे म्हणून खूण केली आणि चौथा गोळा मागितला.