मंडळीचं वचन

गिरणी बंद पडली, माणसं पांगली, पाळकांचीही बदली झाली. तरी आमच्या चर्चमध्ये म्हातारे दानिएलकाका दर रविवारी एकटेच उपासना चालवतात. बायबलमधलं एक वचन मोठ्यानं वाचतात आणि रिकाम्या बाकांकडे बघत थांबतात.

“कुणासाठी थांबता, काका?” मी एकदा त्यांना बाहेर गाठून विचारलं होतं.

“पुढचं वचन मंडळीचं असतं, पोरी, बाकांवर बसणाऱ्यांचं. ते मी कसं वाचू?”

माणसं गेली तरी त्यांची पाळी राखून ठेवायची, हीही श्रद्धाच असावी. माझी तेवढीही उरली नव्हती.

आई गेल्यापासून मी आत पाऊल टाकलेलं नाही. आजही पायरीवरच थबकले. काका वाचून थांबले. पुढचं वचन मला पाठ होतं, आईशेजारी बसून म्हटलेलं. मी ते मनातल्या मनात म्हटलं. ते संपलं, आणि आत काकांनी त्यापुढचं सुरू केलं.