तुरटी राहून गेलेला कागद

कुपवाडच्या एका कागद गिरणीत मी लगद्याच्या टाकीवर होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लगद्यात आधी शिजवलेली राळ जायची, मग तुरटीचं पाणी. तुरटी ती राळ धाग्याधाग्याला धरून ठेवते. तुरटी नसली की राळ पाण्याबरोबर वाहून जाते आणि कागद शाई पितो. एवढं सोपं काम, तेही माझ्या हातून धड झालं नाही. एका दुपारी पाळी बदलताना तुरटी कुणी घालायची यावरून जोडीदाराशी वाजलं. तो तणतणत निघून गेला, मी फुगून बसलो, आणि तुरटी राहिली ती राहिलीच.

तो माल परत लगद्यात टाकायचा ठरला. पण कागद दिसायला लय देखणा. पोरांना पेन्सिलीनं लिहायला होईल म्हणून मी एक गठ्ठा औंधला घरी नेला.

घरी आबा, माझे वडील. मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा. धाकटा भाऊ त्यांच्याशी भांडून, न सांगता पलटणीत भरती झालेला. तीन वर्षं दोघांत अबोला. त्या दिवशी आबांनी आपणहून कागद मागितला. मी गठ्ठ्यातला काढून दिला. माझ्या डोक्यात प्रकाश पडू नये? आबांना शाईचं पेनच लागायचं. बोटानं ओळ चाचपत दुपारभर लिहिलं, कुणाला न दाखवता पाकीट चिकटवलं. पेटीत मीच टाकलं.

पंधरवड्यात आबा गेले. भाऊ पोचला तेव्हा माती झाली होती. त्यानं खिशातून पत्र काढलं. नुसता निळा चिखल, एक अक्षर धड नाही.

"वाटंत भिजलं असंल," तो म्हणाला. "दादा, तुला आबांचं अक्षर लागतं. राग गेला हुता का रं त्यांचा?"

मी कागद उन्हात धरला. निबाचे ओरखडे बोटाला लागत होते, वाचता येत नव्हते. माझ्यामुळं झालं हे, असं म्हणायला तोंड उघडलं.

"राग न्हाई, घरी ये, असं लिवलंय."

भाऊ ढसाढसा रडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजही कुणी शाईचं पेन उघडलं की मी तिथनं उठून जातो. भाऊ ते वाक्य आबांचं म्हणून त्याच्या पोरांना सांगतो. पोरं खात्री करायला माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो.