नव्या रंगाखाली

आमच्या जुन्या लाकडी लाँचला काल शेवटचा रंग लागला, आणि आज सकाळी बुडाच्या फळीवर वाळवीची मातकट रेघ दिसली. मी बोट दाबलं, ते आत गेलं. आमच्या ह्यांनी कित्येक वर्षं खपून बाकीच्या फळ्या बदलल्या. हीच ठेवली, कारण नवरी होऊन नदीतून आले तेव्हा माझी पावलं हिच्यावर पडली होती. ती नवरी तरी काय ध्यान, नवऱ्याआधी लाँचवरच भाळली.

"अहो, ही फळी पोकळ झालीय."

"पाणी प्यालं की लाकूड फुगतं. भीती वाटत असेल तर काठावर थांब."

ज्यावर जीव जडतो, ते टोचून बघवत नाही. दुपारच्या भरतीला लाँच पाण्यात ढकलली. ह्यांना एकट्याला जाऊ देणं मला जमेना. पदर खोचून मी आत चढले, आणि तळव्यांना पाणी लागलं.