दुसरा संच

नागापूर एमआयडीसीत आमच्या कारखान्याशेजारी एक साठीचे गृहस्थ पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांची जुनी उपकरणं दुरुस्त करत बसायचे. पूर्वी ते आणि त्यांचा जोडीदार धरणांच्या दरवाजांची पाण्याखालची कामं करत. जोडीदार आजारपणात गेला. तरी दर शनिवारी हे दोघांचेही पाण्याखाली श्वास घ्यायचे संच उघडत, पितळी भाग धूत आणि रबरी पडद्यावर अंगठा फिरवून चीर शोधत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "काका, हा दुसरा कोण वापरतं?"

"कोन न्हाई. पन पडून राहिला की रबर तडकतं."

त्यांनी त्याच संचाची हवेची टाकी उघडली, तोंडात धरायची नळी पुसून मला दिली. "घ्या बरं श्वास. मला ऐकायचंय."

हवा थंड, कोरडी होती. प्रत्येक श्वासाला आत बारीक खरखर व्हायची. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, बिघाड शोधतायत. मी नळी काढू लागलो, तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा जरा. पान्याखाली बोलता येत न्हाई. शेजारून त्याचा असाच आवाज यायचा. तेवढ्यावर कळायचं, गडी हाय."

कारखान्याचा भोंगा वाजला, तरी मी तिथेच उभा राहून श्वास घेत राहिलो.